वाइलानच्या तोंडावरची दाढी

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच पोट धरून हसून घ्या, नंतर मध्येच खिदळायचं नाही. मी एक जुनी दाढी आहे.

खरी नव्हे, नाटकातली. काळी, पाच लटांची, लावणाऱ्याच्या बेंबीपर्यंत लोंबणारी. वर एक तार, तारेच्या दोन्ही टोकांना आकडे. आकडे कानांवर अडकवले की काम झालं. आता मला कसर लागलीय आणि मधली लट इतकी विरळ झालीय की पलीकडचं दिसतं. पण एके काळी माझा रुबाब असा होता की मी आले की माणसं उठून उभी राहायची.

आणि गंमत ऐका, मी जन्मानं दाढी नाहीच. शेपूट आहे! तिबेटकडच्या डोंगरातल्या एका याकच्या मागे मी माशा वारत होते. तो गेला, मी बाजारात आले, आणि विकली जात जात कँटन शहरात नाटकाचं सामान करणाऱ्यांच्या गल्लीत पोचले. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला उकळलं, धुतलं, काळं केलं आणि केस न् केस तारेला गाठवला. मग मला झटकून म्हणाला, "चल, आजपासून तू क्वान-गुंगची."

क्वान-गुंग म्हणजे आमच्या लोकांचा लाल तोंडाचा देव. दिल्या शब्दाला जागणारा, लांब दांड्याचं पातं घेऊन लढणारा. पोलिसाच्या चौकीत तोच आणि चोराच्या घरातही तोच. त्याची सगळी शान त्याच्या दाढीत. म्हणजे बघा, याकच्या ढुंगणावरून थेट देवाच्या हनुवटीवर! अशी बढती तुमच्या ओळखीत कुणाला मिळालीय?

मला एका नटानं घेतलं. त्याच्याकडे याऊ वाइलान नावाची मुलगी काम शिकत होती. ती पुरुषांच्या भूमिका करायची. आवाज जाड, खांदे रुंद, डोळे मोठे. गुरुजी म्हातारे झाले तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, तुला मिशा तर काही फुटायच्या नाहीत. ही घे. रोज विंचरत जा, घडी कधी घालू नकोस."

दाढी नुसती लावायची नसते, मित्रांनो, ती वाजवायची असते, बासरीसारखी. राग आला की मला उडवायचं. विचार करायचा तर मधली लट दोन बोटांवर घ्यायची. दुःख झालं तर मला दोन्ही हातांत धरायचं आणि सोडायचंच नाही. वाइलान हे सगळं असं करायची की मला वाटे, मी तिच्याच हनुवटीतून उगवलेय.

वाइलानचा नवरा ली बिंगकुन. नाटकात ढोल वाजवायचा. तो जन्मला अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला. आमची माणसं त्या शहराला 'मोठं बंदर' म्हणतात. ढोल शिकायला कँटनला आला आणि बायको घेऊन बसला. त्यांना एक मुलगी झाली, युनयी. ती दुडूदुडू चालायला लागली तोच मोठ्या बंदरातल्या थिएटरकडून बोलावणं आलं. तिथला कायदा असा की चिनी माणसानं त्या देशात यायचंच नाही. नाटकवाल्यांना तेवढी सूट, तीही गाताय-नाचताय तोवर. तोंड बंद झालं की बोटीत बसा आणि चालते व्हा. लहान पोरीला बरोबर नेणार कुठे? वाइलाननं तिला आपल्या आईकडे गावी ठेवलं. "दोन वर्षांत येते," म्हणाली.

बंदरावर गोऱ्या साहेबानं पेटी उघडली आणि मला काठीनं उचललं.

"हे जनावर मेलंय ना नक्की?"

आमच्या मंडळीत फात-सुक नावाचा विदूषक होता. सुक म्हणजे काका. लहानथोर सगळे त्याला तसंच म्हणायचे. तो कमरेत वाकून म्हणाला, "झोपलंय साहेब. उठवू नका, दुपारचं चावतं."

साहेबानं काठीसकट मला पेटीत टाकलं. मी मनात इतकी हसले!

पण मोठ्या बंदरात दोन वर्षांची चार झाली, चारांची आठ झाली. परवाना वाढत गेला, कारण वाइलान गातच राहिली. परत जावं तर पुन्हा यायला मिळेल याचा भरवसा नाही, आणि गावी खायला तिच्याच गळ्यातून जात होतं. रोज मला विंचरताना ती पुटपुटायची, "आता तिचे दुधाचे दात पडले असतील. आता तिला वेणी येत असेल." मी ऐकत असे. दाढीला दुसरं काम काय?

मग आमच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्यात क्वान-गुंगचा वाढदिवस आला. त्या दिवशी देवाचं नाटक झालंच पाहिजे, नाहीतर अख्ख्या वस्तीचं वर्ष वाईट जातं. आणि नेमका देव करणारा नट परवाना संपून परत गेलेला. उरली वाइलान. वस्तीच्या मंडळाचे प्रमुख को साहेब. ते नाक वर करून म्हणाले, "बाईनं क्वान-गुंग करायचा? उद्या कोंबडी आरवेल!"

"कोंबडा असता तर विचारलं नसतं साहेब," फात-सुक म्हणाला. "तुमच्याकडे आहे का एखादा?"

को साहेबांकडे नव्हता. शेवटी ते तयार झाले, पण बजावून: "नियम मोडला तर ही पहिली आणि शेवटची वेळ."

तो नियम नीट ऐकून ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं त्यातच आहे. देवाचं तोंड रंगवून एकदा दाढी चढली की ती उतरेपर्यंत त्या माणसानं एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते फक्त रंगमंचावर, देवाचं. कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. त्या वेळी तो माणूस नसतोच. ओ दिली तर देव उठून जातो आणि मागे संकट ठेवून जातो. एका गावात एक नट असाच 'काय रे?' म्हणून बसला तर दिवा पडून मांडव जळाला, माणसं गेली, असं सगळे सांगत. खरं-खोटं त्या याकला ठाऊक. पण त्यावर हसणारा एकही माणूस मी नाटकात पाहिला नाही. फात-सुकसुद्धा नाही.

वाइलाननं देव असा उभा केला की पुढच्या वर्षीही तिलाच बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. को साहेब स्वतः उदबत्ती घेऊन तिच्यापुढे उभे राहायला लागले. आणि फात-सुक? त्याला तर मेजवानीच! ती बोलू शकत नाही म्हटल्यावर तिच्या कानाशी येऊन हळूच लाडाच्या नावानं, "आ-लान, काल मासा खारट झाला होता हं. काही म्हणणं आहे? नाही? मग कबूल." ती डोळे वटारायची. दाढी उतरली की पहिली चप्पल फात-सुकच्या पाठीत.

अशातच गावाकडे आजी वारली, आणि युनयीला इकडे आणायचं ठरलं. बाप इथला जन्मलेला, म्हणून मुलीला येता येत होतं. पण आलेल्यांना खाडीतल्या बेटावर कोंडून ठेवत, आणि ही खरंच त्याचीच मुलगी का, ते तपासायला प्रश्न विचारत. घराच्या दारात विहीर कुठल्या हाताला? लहान राहावेत म्हणून आजीचे पाय जुन्या रीतीनं बांधलेले होते का? एवढीशी पोर, महिनाभर उत्तरं देत बसली. आई-बापांना भेटू देत नसत. कधी सोडतील तेही सांगत नसत.

आणि सोडलं कधी? देवाच्या वाढदिवशी. दुपारी निरोप आला की पोरीला घेऊन जा. बिंगकुन ढोलावर बसलेला, वाइलानचं तोंड निम्मं रंगलेलं. फात-सुकचं काम नाटकाच्या उत्तरार्धात होतं, म्हणून तोच धावला. नाकावर पांढरा ठिपका तसाच. आमच्यात विदूषकानं आधी रंग लावल्याशिवाय कुणी रंगाला हात लावत नाही, त्यामुळे त्याचं तोंड सकाळपासून रंगलेलं. धक्क्यावर पोर त्याचं नाक बघून हसली म्हणे. येताना होडीत त्याच्याशी सगळं बोलली. "मला विचारलं, तुझी आई दिसते कशी. मी म्हटलं, दिसते कशी ते माहीत नाही, गाते. तर ते साहेब हसले." थोड्या वेळानं म्हणाली, "फात-सुक, मी तिला मा म्हणू, की आ-मा?"

"तुला आवडेल ते म्हण गं," फात-सुक म्हणाला. "ती दोन्हीला रडेल."

इकडे मी चढले होते. लाल तोंड, हिरवा झगा, पुढ्यात उदबत्ती, को साहेब हात जोडून उभे. वाइलान डोळे मिटून बसलेली. आणि धाडकन दार उघडलं. आनंदानं फात-सुकचं डोकंच फिरलं होतं. आयुष्यभर त्या नियमाच्या जिवावर विनोद करणारा माणूस, पण त्या क्षणी विसरला. ओरडला, "आ-युन, ही बघ! ही बघ तुझी मा!"

दारात वेणीवाली मुलगी. हातात गावाकडची टोपली. लाल तोंडाकडे बघून ती घाबरली नाही, मित्रांनो. दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "मा."

सगळे गोठले. 

मी तोंडावर होते. मला जे कळलं ते दुसऱ्या कुणाला कळलं नाही. माझ्या लटा आतून गरम झाल्या. ओठ उघडले. जीभ टाळ्याला लागली. 'आ-युन'मधल्या 'आ'पर्यंत आलं होतं, मित्रांनो, आवाज तेवढा फुटायचा होता. आणि तेवढ्यात बाहेर बिंगकुनचा ढोल सुरू झाला, देवाच्या प्रवेशाचा. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आत त्याची पोर उभी आहे.

वाइलाननं तोंड फिरवलं, आरशाकडे. आरशात ती पोरीलाच बघत होती, डोळे फाडून बघत होती. पण पोरीला दिसली फक्त पाठ.

"मा?" ती पुन्हा म्हणाली.

वाइलान उठली, पातं उचललं आणि तिच्या बाजूनं निघून गेली. झग्याची कड पोरीच्या टोपलीला घासली.

फात-सुक गुडघ्यावर बसला. "अगं, चुकलो मी. आत्ता ती तुझी मा नाही. आत्ता ती देव आहे."

"मग माझी मा कुठे आहे?" युनयी म्हणाली.

त्या दिवशीसारखा क्वान-गुंग मोठ्या बंदरानं पुन्हा पाहिला नाही. लाल रंगावरून पाण्याचे ओघळ माझ्यात उतरत होते आणि मी ओली होत होते. प्रेक्षक म्हणाले, देवाला घाम आला! टाळ्यांनी कौलं उडायची वेळ आली. पडदा पडला, आणि तिनं मला कानांवरून ओरबाडून कुठेतरी भिरकावलं. तोंड धड पुसलंही नाही. धावली. "आ-युन! बाळा, हे बघ, मी आले! आता म्हण! आता म्हण ना!"

अर्धं तोंड लाल, अर्धं पांढरं, काजळ वाहिलेलं. युनयी फात-सुकच्या पाठीमागे गेली. 

मला वाटलं, मूल आहे, दोन दिवसांत विसरेल. सगळ्यांनाच वाटलं. पण आमच्या लोकांत एक रीत आहे. जेवायला बसलं की लहानानं मोठ्यांना एकेक करून हाक मारायची, मगच जेवायच्या काड्या उचलायच्या. त्या घरात मी खिळ्याला टांगलेली असे, जेवणाच्या मेजासमोरच. पहिल्या रात्री युनयी नीट बसली. "बा, भात खा. फात-सुक, भात खा." मग थांबली. काड्या उचलल्या आणि जेवायला लागली.

बिंगकुन म्हणाला, "आणि मा राहिली की."

पोरीनं काड्या खाली ठेवल्या आणि जेवलीच नाही.

"असू दे," वाइलान घाईनं म्हणाली. "जेव बाळा. मला भूकच नाहीये."

त्यानंतर रोज तेच. बा, भात खा. फात-सुक, भात खा. मग एक फट. त्या फटीत वाइलान वाडग्यावर मान घालून बसायची. मुलगी उद्धट नव्हती हं. आईला चहा द्यायची, तिचे कपडे धुवायची, आजारपणात उशाशी बसायची. पण हाक कशाचीच नाही. बापाला 'तू' म्हणायची, आईला 'तुम्ही'. बाहेरच्या बाईला म्हणतात तसं.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, दाढी, तुझं पुढचं आयुष्य सांग. सांगते. पण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका फटीत गेलं. वाइलाननं जे जे केलं ते ती फट भरायला केलं.

थिएटरात सिनेमे लागायला लागले, नाटकं कमी झाली. आणि परवाना तर गाणाऱ्याचाच. तेव्हा वस्तीत नाइट क्लब निघाला होता. गोरे लोक आणि खलाशी यायचे, चिनी मुलींचे नाच बघायला. वाइलाननं तिथे अर्ध्या-अर्ध्याचा खेळ बसवला. उजवं अंग पुरुष: झगा, बूट आणि अर्धी दाढी, म्हणजे मी, सगळ्या लटा एका बाजूला बांधलेली. डावं अंग बाई: रेशमी गाउन आणि कानात झुबा. उजवीकडे वळली की जाड्या आवाजात प्रेमाची मागणी, डावीकडे वळली की लाजून नकार. स्वतःशीच भांडण, स्वतःशीच लग्न!

को साहेबांना कळलं तेव्हा ते घरी आले. "देवाची दाढी दारूच्या दुकानात?"

"साहेब, देवानं माझं काय घेतलंय ते तुम्ही उभे राहून बघितलंय," वाइलान म्हणाली. "त्याची दाढी थोडे दिवस मी घेते."

तिला पुन्हा कधी क्वान-गुंग करू दिला नाही. तिनं विचारलंही नाही.

त्या खेळाची तालीम घरीच झाली. एका रविवारी युनयी मेजाशी कोळंबी सोलत बसली होती. बिंगकुन सुरीच्या मुठीनं पाटावर ठेका धरत होता. वाइलान वळत होती, लाजत होती, मला झटकत होती. एकदा वळताना मी तिच्याच नाकात गेले आणि पुरुषाला भर प्रेमात शिंक आली. आणि युनयी हसली! खळखळून, तोंडावर हात न ठेवता. हातातली कोळंबी उडून बापाच्या डोक्यावर.

बिंगकुनचा ठेका थांबला. वाइलान तशीच उभी. मग अगदी हळू, पाखरू उडून जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, "आ-युन, सांग ना. कोण छान आहे? हा, की ही?"

पोरीनं बघितलं. हसू तोंडावर होतं तेच म्हणाली, "हा." मग हसू गेलं. "हिला मी ओळखत नाही."

तिनं पुन्हा कोळंबी घेतली. त्या रात्री क्लबात लोक हसून हसून टेबलाखाली गेले. माझ्या बाजूचा डोळा कोरडा होता. दुसऱ्या बाजूचं मला सांगता येत नाही.

पुढे दक्षिणेकडून सिनेमावाले माणसं गोळा करायला यायचे. वाइलान आगगाडीनं जायची आणि मलाही न्यायची, कोण जाणे कधी लागेल म्हणून. ती सिनेमात काय नव्हती झाली! मोलकरीण, दरोडेखोर, भिकारीण, दुष्काळातलं प्रेत. एकदा तर मला लावून म्हातारा भविष्यवाला. ते लोक म्हणायचे, तिथे उभं राहा, बोलायचं नाही. बोलायचं नाही हे तिला शिकवावं लागत नव्हतं. मग एका सिनेमात एक वाक्य मिळालं: "पूर येतोय, पोरांना आधी न्या." महिनाभर घरात पूर येत होता. फात-सुक म्हणायचा, "बाई, माझे पाय भिजले आता."

सिनेमा लागला तेव्हा सगळे गेले, युनयीसुद्धा. तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. परत आल्यावर मला कळलं. वाक्य होतं, पण आवाज दुसऱ्याच बाईचा भरला होता. चिरका, नाकातला. ओठ तेवढे वाइलानचे. मला वाटलं, आता ही बाई मोडली. पण ती खिळ्याजवळ आली, माझ्या लटा दोन्ही हातांत धरल्या आणि कुजबुजली, "बिंग, ऐकलंस? अंधारात ती म्हणाली, हा तुमचा आवाज नाही. तिला माझा आवाज ठाऊक आहे, बिंग!"

तेवढ्यावर ती बाई कित्येक दिवस जगली.

युनयी शिकून दूरच्या एका शेतीवाल्या गावी हॉस्पिटलात निघाली. निघायच्या सकाळी वाइलाननं तिला एकदाच विचारलं, बॅगेचा पट्टा धरून. "रागाव, शिव्या दे, मार मला. पण एकदा हाक मार. जन्मात एकदा."

युनयीनं पट्टा हळूच सोडवला. तिचेही डोळे भरले होते, मी बघितलं. ती म्हणाली, "मारली होती एकदा. दोनदा मारली होती."

आणि गेली.

मग रेडिओ आला. वस्तीतल्या एका दुकानाच्या वर छोटं स्टेशन होतं. तिथे संध्याकाळी वाइलान चिनी कार्यक्रम करायला लागली. एकटी सगळे आवाज काढायची: राजा, राणी, सासू, घोडा, मधूनच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. मला खरं तर तिथे काही काम नव्हतं, रेडिओत दाढी कुणाला दिसते? पण राजाचा आवाज काढायचा तर ती मला लावायची. म्हणायची, नाहीतर सूर बसत नाही. आणि कार्यक्रमाच्या शेवटी मला उतरवून, साध्या स्वतःच्या आवाजात, रोज एकच: "भात खाल्लास का?" आमच्यात कुणीही कुणालाही असंच विचारतं, त्यामुळे सगळ्या वस्तीला वाटायचं आपल्यालाच विचारतेय. चाळीस दुकानांतून ओरडून उत्तर यायचं, "खाल्लाऽ!" पोरं तर मुद्दाम खिडकीत येऊन बोंबलायची. वाइलान हसायची. हवा स्वच्छ असेल तर आवाज त्या शेतीवाल्या गावापर्यंत जातो, असं स्टेशनवाल्यानं तिला सांगितलं होतं. रोज निघताना ती आधी आकाशाकडे बघायची.

युनयीनं तिकडे लग्न केलं. सणाला यायची, फळं आणायची, औषधं आणायची. बा, भात खा. फात-सुक, भात खा. फट.

बिंगकुन गेला. मग वाइलानचं राहिलं-साहिलं काम सुटलं. टेलिव्हिजन आला होता. राजा, राणी आणि घोडा एकाच घशातून ऐकायला कुणाला सवड होती? मला विंचरणं थांबलं. लाकडाच्या ढलप्या भिजवलेलं चिकट पाणी लावून ती रोज माझा एकेक केस सोडवायची, ते पाणी वाटीत सुकून गेलं. मी तिला दोष देत नाही. तिचे हात वर जात नव्हते. कसर मात्र वेळेवर आली.

एका थंडीत वाइलान झोपेतच गेली. युनयी पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं.

फोटो शोधताना पंचाईत झाली. शेकडो फोटो, पण एकातही वाइलान नाही! क्वान-गुंग आहे, दरोडेखोर आहे, अर्धा पुरुष आहे, भविष्यवाला आहे. शेवटी परवान्यावरचा सरकारी फोटो मिळाला. तरुण मुलगी, रंग नाही, दाढी नाही, समोर बघतेय. युनयी तो हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटतं, आईचं तोंड असं निवांत बघायला तिला तेव्हाच मिळालं.

गेलेल्यांच्या नैवेद्याचं मेज मांडलं. आई-बापाचे फोटो. वाफवलेला मासा, खारवलेलं अंडं, भाताचे दोन वाडगे, काड्या. फात-सुक आता काठीवर चालत होता. तो दारात खुर्ची घेऊन बसला.

"मार हाक," तो म्हणाला.

"तुम्हीच मारा ना फात-सुक."

"माझ्यानं भागत नाही. पोटचं मूल बोलावतं तेव्हाच ते येतात जेवायला. नाहीतर उपाशी राहतात."

युनयीनं हात जोडले. "बा, भात खा."

मग फट पडली. मी ती फट आयुष्यभर ओळखते, मित्रांनो.

फात-सुकनं काठी बाजूला ठेवली. "एक विचारू? रेडिओ ऐकायचीस का तिचा?"

"रोज."

"रोज?"

"भांडी घासायची थांबून. नवऱ्याला बोलू देत नसे."

"अगं मग!" फात-सुकचा आवाज चिरकला. "शेवटी ती विचारायची ते तुलाच गं, दुसऱ्या कुणाला नाही!"

"माहीत होतं. उत्तर द्यायची मी." युनयी फोटोकडे बघत होती. "खाल्ला मा, म्हणायची. रेडिओला ऐकू येत नाही ना, फात-सुक."

  

युनयी पुढे सरकली. वाडगा फोटोच्या अगदी जवळ नेला, काड्या सरळ केल्या. मग म्हणाली, मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, "मा, भात खा."

थांबली. पुन्हा म्हणाली. "मा. भात खा ना."

भातातून वाफ निघत होती. ती थोडा वेळ निघाली आणि थांबली. काड्या जिथल्या तिथे होत्या.

आता मी युनयीच्या घरी कपाटात असते. घडी घालून ठेवलंय मला, तिला माहीत नाही की दाढीची घडी घालत नाहीत. चालेल. मला विंचरायला आलात तर या, जपून हात लावा, केस गळतात. नाही आलात तरी मी रुसणार नाही. मी मुळात शेपूट आहे, मला किती दिवस देवाचा मान मिळाला!

पण माझं एक ऐका. घरात कुणाला हाक मारायची राहिली असेल तर आज मारा, भात गरम आहे तोवर. आणि तुम्हाला कुणी हाक मारली, तर तोंडावर काहीही चढवलेलं असो, कितीही मोठे देव होऊन बसलेले असा, उतरवून ठेवा आणि ओ द्या.